लहान्या इंजिनाला काय पाजायचं

२ डिसेंबर १९५६, रविवार

इंजिन आणलं यांनी घरी! लिंबाएवढं. पुढे लाकडाचा पंखा, मागे चिमटीत मावेल एवढी टाकी, आणि त्याला लटकलेलं अर्धं मोडकं विमान. लाकूड कापायच्या आरामशीनचे जुने मॅनेजरसाहेब दिवाळीत नोकरी सोडून गेले. त्यांच्या बंगल्यातली मागे राहिलेली अडगळ इसरू खानसामा वाटून राहिला आहे. कुणाला छत्री, कुणाला फुटका आरसा, आणि यांना हे.

दोन तास चुलीपाशी बसून उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणतात, "ठिनगी टाकाची बत्तीच नाई वो याले. पेटते कसं?"

आरामशीनच्या पट्ट्यात यांचा हात गेला त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून "हो", "नाई" आणि "वाढ" एवढंच बोलणं. आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण ते इंजिन पाहिल्यापासून कशात लक्ष नाही. जेवलेही नाही धड.

३ डिसेंबर

लिहूनच टाकते. माणसाला सांगता येत नाही ते कागदाला तरी सांगावं.

ते इंजिन कशावर चालतं ते मला माहीत आहे! एक भाग घासलेट, एक भाग एरंडेल, एक भाग ईथर. आणि ते ईथर, भूल द्यायचं औषध, माझ्या कपाटातलं.

दवाखाना ठेकेदाराचा, आरामशीनच्या मजुरांसाठी. डॉक्टर अहेरीहून फक्त बुधवारी येतात. बाकी दिवस मीच नर्स, मीच कंपाउंडर, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. शिमग्याच्या सुमारास मॅनेजरसाहेबांनी बंगल्यावर बोलावलं. बसायला खुर्ची दिली! आरामशीनवर आल्यापासून मला खुर्ची देणारे ते पहिलेच. म्हणाले, "थोडंसं ईथर हवं होतं, सिस्टर. नागपूरहून मागवलंय, आलं की परत करतो." सिस्टर म्हणाले. झालं, मी पाघळले. तीनदा दिलं. विमान लाकडाच्या डेपोच्या मैदानावरून गरगर उडालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, त्यांत हेही होते. मी मनात म्हटलं, माझ्या ईथरवर उडून राहिलं बरं!

साहेबांचं पार्सल आलंच नाही. पोळ्याच्या तोंडावर यांचा हात आरामशीनच्या मोठ्या इंजिनाच्या पट्ट्यात गेला. नशिबानं बुधवार होता, डॉक्टर हजर. दोन बोटं चेचलेली, काढावीच लागणार होती. डॉक्टर म्हणाले, "ईथर." मी कपाट उघडलं. रिकामं आहे हे माहीत असून हात घालून शोधल्याचं नाटक केलं. "संपलं. पार्सल आलं नाही."

चौघांनी धरून ठेवलं यांना. डोकं मी धरलं होतं. पूर्ण वेळ माझ्याकडे पाहत होते.

आणि लोक काय म्हणतात? "कमळाबाई होती म्हणून वारलूभाऊचा हात वाचला." — हे ऐकलं की जमीन पोटात घेईल तर बरं, असं होतं. (नवऱ्याचं नाव लिहिलं गेलं! लिहू दे. इथे कोण ऐकून राहिलं आहे.)

आता हे त्या इंजिनाचं तेल शोधणार. शोधता शोधता ईथरपाशी आले की पुढचा प्रश्न ठरलेला — साहेबानं ईथर कुठून आणलं?

५ डिसेंबर, बुधवार

आज घासलेट घातलं. शंभर वेळा पंखा फिरवला असेल. ठक्क नाही की फुस्स नाही. नुसतं चिपचिप ओलं झालं.

हुश्श! डॉक्टर आले होते तरी हे दवाखान्याकडे फिरकले नाहीत. कुणाला काही विचारलं नाही. मी दिवसभर खिडकीतून रस्ता पाहत होते.

८ डिसेंबर

बिरजू ड्रायव्हर ट्रक घेऊन लाकडं न्यायला आला, त्याच्याकडून पेट्रोल मागून आणलं. बिरजू म्हणतो, "भाऊ, जळसान ना! एका हातानं तं बसले हो घरी." हे हसले. तीन महिन्यांनी दात दिसले यांचे!

पेट्रोलनंही काही झालं नाही. बत्तीशिवाय पेट्रोल कशाला पेटतं? हे स्वतः आरामशीनच्या मोठ्या इंजिनाचे फिटर. मग मलाच समजावून सांगतात, "हे डिझलच्या जातीचं हाय. दाबानंच पेटनार. वरची ही दांडी पिळली का दाब वाढते. म्हनून याले मातीच्या तेलापेक्षा जलदी पेटनारं काईतरी पायजे." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुमच्या दवाखान्यात अस्ते का वो असं काई?"

म्हटलं, "स्पिरिट आहे. जखमा पुसायचं." आणि उठून पाणी आणायला गेले. घागर भरलेलीच होती.

९ डिसेंबर

स्पिरिटनं चाललं नाही. सुटले.

नवरा दिवसभर खपतो, आणि त्याचं काम फसलं की बायकोला सुटल्यासारखं वाटतं. काय म्हणावं अशा बायकोला!

११ डिसेंबर

आज "नर्सबाई" म्हणाले! लग्नापासून चिडवायचे तसं. "ओ नर्सबाई, भाजीत मीठ टाकाचं इसरले का?" विसरले होते खरंच. दोनदा वाढून घेतली तरी.

१५ डिसेंबर

लालसू आला. हा बैलबंड्या हाकणारा; यांचा जुना दोस्त, जंगलातल्या पाड्यावरचा. काखेत बाटली. पहिल्या धारेची मोहाची! यांनीच सांगितलं होतं म्हणे आणायला. मी कपाळाला हात लावला.

"पेयाची नाई वो बाई," लालसू म्हणतो, "इंजनाले पाजाची हाय. काडी लावली तं निळी पेटते. पाहा."

खरंच निळी पेटली. अंगणात माणसं गोळा झाली. बाटली उघडल्यावर लालसूनं आधी चार थेंब जमिनीवर सांडले, देवाचे. मग दोन थेंब इंजिनावर. तेव्हा कुठे टाकीत ओतू दिली. सोबत घरातलं टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, दट्ट्याला वंगण म्हणून. या भागात मोहाची फुलं गाळायची, बिया घाण्याला घालायच्या — यांचं म्हणणं, एकाच झाडाचं सगळं, एकमेकांत चांगलं मिसळणार!

मिसळलं कशाचं. तेल खाली, दारू वर. हलवून हलवून ओतलं. पंखा फिरवायला कुणी तयार नाही. यांचा उजवा हात तसा, आणि फिरत्या वस्तूजवळ बोट न्यायचं म्हटलं की कपाळाला घाम येतो, मला दिसतं ते. शेवटी मी बसले फिरवायला. घर्र करायचं नाव नाही. सगळ्या अंगणाला लग्नघरासारखा वास सुटला तेवढा. उरलेल्या बाटलीचं काय झालं ते विचारायलाच नको. लालसू जाताना गात होता.

हसून हसून माझे डोळे भरले. आणि मनातून पुन्हा तेच — बरं झालं, नाही चाललं.

१६ डिसेंबर

पंख्याची कड लागून माझ्या बोटाचं सालटं निघालं. एवढंसं. पण यांनी पट्टी बांधली, एका हातानं आणि दातानं. गाठ पक्की बसली. "जपत जा," म्हणाले, "एका घरात दोघं थोटे नोको."

मला रडू आलं. बोट दुखतं आहे म्हणून सांगितलं.

१८ डिसेंबर

सांगायचं ठरवलं होतं. अंघोळीचं पाणी काढून दिलं, तोंड उघडलं, आणि विचारलं काय? "भाकर करू की भात?"

डरपोक मेली.

२१ डिसेंबर

कडाक्याची थंडी. शेकोटीवरून कुणी उठत नाही.

सकाळी हे ओरडले — "गेलं! दट्ट्या धरला!" पंखा जागचा हलेना. ताकद लावली तर लाकडी पातं मोडेल अशी गत. चेहरा असा झाला की पाहवेना. इंजिन फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले. पुन्हा "हो" आणि "नाई". पुन्हा "वाढ".

मी काय समजू? बला टळली म्हणून बसू? दिवसभर दवाखान्यात मनाला सांगत होते — संपलं कमळा, आता कुणी ईथरचं विचारणार नाही. पण घरी आले, यांची पाठ दिसली, आणि सुटल्यासारखं काही वाटलं नाही. पहिल्यांदाच.

२२ डिसेंबर

माझंच डोकं चाललं शेवटी! सकाळी भाजीला फोडणी द्यायला टोळीचं तेल घेतलं तर बाटलीतून पडेना. गोठून पांढरं, लोणी जसं. हिवाळ्यात दर वर्षीच गोठतं ते, चुलीजवळ धरावं लागतं. मी बाटली घेतली हातात आणि कोनाड्याकडे पाहिलं.

इंजिन मोडलं नव्हतं. इंजिनाच्या पोटात तेल गोठलं होतं!

खरं लिहायचं तर दोन मिनिटं तशीच उभी राहिले. गप्प राहिले असते तर गोष्ट इथेच संपत होती. पण यांची ती पाठ. गेले आणि हलवून उठवलं. "उठा. तुमचं इंजिन थंडीनं आखडलं आहे, मेलं नाही."

ऊन पाण्यात ठेवलं. हळूहळू चिकट पांढरं बाहेर आलं, आणि पंखा सुळकन फिरला. हे असे हसले! मीही हसले. दोघं चुलीपुढे बसून लहान पोरांसारखे त्याला फिरवत होतो. किती हलकं वाटलं, काय सांगू.

एक कळत नाही. टोळीचं तेल थंडीत गोठतं हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मोठं इंजिन चालवणाऱ्या फिटरच्या लक्षात कसं आलं नाही? आजारपणानं डोकं मंद होतं म्हणतात, तसंच असेल. मी म्हटलं, "एरंडेल घाला. ते थंडीत गोठत नाही." तोंडातून निघून गेलं! हे म्हणाले, "बरं. एरंडी तं एरंडी. तुले कसं सुचलं वो?"

"जुलाबाला देतो ना आम्ही," म्हटलं. निभावलं.

२६ डिसेंबर, बुधवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

चैतू म्हणून लाकूडतोड्या आला, मांडीवर नारळाएवढं गळू. डॉक्टर म्हणाले, चिरायचं. धरायला माणूस पाहिजे म्हणून व्हरांड्यातल्या कुणाला तरी हाक मारली, तर हेच आत आले! इंजिनासाठी एरंडेल मागायला आले होते. म्हणाले, "मी धरतो. एका हातानं जमन तेवढं."

ईथरची नवी बाटली भाद्रपदातच आली होती. मी चैतूच्या नाकावरच्या जाळीवर कापूस ठेवला, थेंब थेंब ईथर सोडलं. चैतू काहीतरी बडबडला, घोरायला लागला. डॉक्टरांनी चिरलं, पू काढला, पट्टी केली. चैतू हललासुद्धा नाही. हे त्याचे पाय धरायला उभे होते ते तसेच उभे.

बाहेर आल्यावर मला म्हणतात, "धराचं कामच नाई पडलं वो."

एवढंच. रागानं नाही. असंच, पाऊस आला नाही म्हणावं तसं. आणि एरंडेलाची वाटी घेऊन घरी गेले.

मी साठवणीच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि पदर तोंडात कोंबून रडले.

२९ डिसेंबर

घासलेट आणि एरंडेल. नाही चाललं. मला माहीतच होतं. तिसरा भाग नाही ना त्यात.

आता सुटल्यासारखं वाटत नाही. उलट वाटतं, एकदाचं चालावं. मग जे व्हायचं ते होवो.

३० डिसेंबर, रविवार

सांगितलं!

दुपारी. अंगणात ऊन खात बसले होते. इंजिन पाटावर, घासलेटाची शिशी, एरंडेलाची वाटी. म्हणाले, "अजून काईतरी पायजे याले. तुले काई सुचते?"

मी समोर बसले. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. म्हटलं, "ईथर लागतं त्याला. तिन्ही सारखे भाग." आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा. "साहेबांना मी दिलं होतं. तीनदा. शेवटचं पण दिलं. म्हणून तुमच्या वेळी नव्हतं. पार्सलचं मी खोटं बोलले. म्हणजे पार्सल आलं नव्हतं हे खरं, पण बाटली मी रिकामी केली होती."

सगळं एका दमात. थांबले असते तर पुन्हा भाकर की भात झालं असतं.

यांनी एरंडेलाची वाटी बाजूला सरकवली. आपल्या हाताकडे पाहत होते. मग विचारलं, "काऊन देल्लं?"

काय सांगू? "खुर्ची दिली बसायला," म्हटलं. बोलल्यावर वाटलं, आता हाणतील. हाणलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बरं," म्हणाले. उठले, कुऱ्हाड घेतली, आणि मागे जाऊन लाकडं फोडायला लागले. एका हातानं, दुसऱ्याचा नुसता आधार. अपघातानंतर कुऱ्हाड पहिल्यांदाच धरली. दिवस मावळेपर्यंत आवाज येत होता. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते.

घर सोडायला सांगतील. माहेरी ब्रह्मपुरीला जाऊ? डॉक्टरांना कळलं तर नोकरीही गेली. हे सगळं आहेच. आणि तरी छातीवरचा जात्याचा दगड उतरल्यासारखा. चार महिन्यांत असा श्वास घेतला नव्हता. हसू का रडू, कळेना.

३१ डिसेंबर

बोलले नाहीत. जेवले. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तेही बोलले नाहीत.

डॉक्टरांना परवा सांगायचं हे पक्कं केलं आहे. एकाला सांगितलं की दुसऱ्याला सांगायची भीती अर्धी होते.

१ जानेवारी १९५७

नवं साल. लालसू येऊन गेला, दोघं काहीतरी कुजबुजले. मला पाहून गप्प. जिवाला घोर लागला.

२ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांना सांगितलं. झाड झाड झाडलं. म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर किल्ली काढून घेईन. म्हणजे या वेळी काढून घेतली नाही!

घरी येते तो अंगणातून आवाज — कर्र, कर्र, आणि मग जे केकाटलं! शेजारच्या कोंबड्या छपरावर. हे पंख्यासमोर उकिडवे बसलेले, फिरवून फिरवून डावं बोट लाल झालेलं. स्वतःच्या बोटानं फिरवलं होतं! लालसू नाचून राहिला होता.

"ईथर कुठून आणलं?" मी ओरडले. माझं कपाट तर बंद!

यांनी पाटाखालून लहानशी शिशी काढली. दवाखान्याची. वर चिठ्ठी — "ईथर. आगीपासून दूर ठेवा." माझंच अक्षर.

"इसरूनं इंजनासंगंच देल्ली होती. पयल्याच दिवशी."

मी ओट्यावर बसले. म्हटलं, "मग महिनाभर ते पेट्रोल, ते स्पिरिट, ती मोहाची, ते गोठलेलं तेल — ते सगळं काय होतं?"

"पयल्या दिवशी वाटलं होतं, शिशी तुझ्या डोक्यातच घालाव," म्हणाले. "मंग म्हटलं नोको. बायको आपल्या तोंडानं सांगन. म्हनून वाट पाहून राह्यलो होतो."